छोटी स्पोर्टी गाडी आणि खान्देशचे रस्ते: ब्रेक, टायर, हँडलिंग, सेफ्टी यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुळे, जळगाव, नंदुरबारकडे आता टर्बो पेट्रोलच्या छोट्या गाड्या बऱ्यापैकी दिसायला लागल्यात. गाडी घेतली की पहिला प्रश्न पिकअपचा, दुसरा सायलेन्सरच्या आवाजाचा, आणि ब्रेकचं कोणी विचारतच नाही, विचारलं तरी गाडी कुठेतरी ठोकल्यावर. मी आठ वर्षांपासून अशीच एक छोटी टर्बो गाडी चालवतोय, अमळनेरहून कामानिमित्त सगळीकडे फिरणं होतं. वडील एसटीत ड्रायव्हर होते, त्यामुळे आमच्या घरी ब्रेकवर बोलणं जेवताना सुद्धा व्हायचं. खालचे प्रश्न मित्रांनी, चुलतभावांनी, टायरच्या दुकानात भेटलेल्या पोरांनी विचारलेले आहेत, काही तर तेच तेच चार वेळा, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

स्पोर्टी गाडी म्हणजे जास्त हॉर्सपॉवरची गाडी, एवढंच ना?

नाही भो. गाडी पळते, वळते, थांबते ते सगळं चार टायर जमिनीला जिथे टेकतात तिथून होतं, आणि ती जागा एका टायरची साधारण तळहाताएवढी असते. चार तळहात. इंजिन कितीही ताकदवान असू दे, ब्रेक कितीही मोठे असू द्या, त्या चार तळहातांच्या पकडीबाहेर काही होत नाही. म्हणून मी कोणालाही सांगतो की पैसे आधी टायरवर घाला, मग ब्रेकवर, आणि उरले तर बाकीच्या हौसेवर.

याचं जुनं उदाहरण मिनीचं आहे. १९५९ ला अलेक इसिगोनिस या इंजिनिअरने इंग्लंडमध्ये ती छोटी गाडी बनवली, इंजिन आडवं बसवलं, चाकं अगदी चारही कोपऱ्यांना ढकलली, वजन कमी ठेवलं. ताकद फक्त ३४ हॉर्सपॉवर. पण वळणावर ती अशी चिकटायची की रेसगाड्या बनवणाऱ्या जॉन कूपरचं लक्ष गेलं, आणि १९६१ ला मिनी कूपर आली तेव्हा ताकद ५५ केली आणि त्याच वेळी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक पण दिले. हे दोन्ही एकाच वेळी केलं हे महत्त्वाचं. पुढे १९६४, १९६५ आणि १९६७ ला मिनीने माँटे कार्लो रॅली मारली, तिच्यापेक्षा कितीतरी मोठ्या इंजिनच्या गाड्या मागे टाकून. आपल्याकडे पोरं रीमॅप करून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून, ताकद वाढवतात आणि ब्रेक पॅड तेच, टायर तेच गुळगुळीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

वळणावर गाडी बाहेर बाहेर जाते, स्टिअरिंग अजून वळवलं तरी ऐकत नाही. काय चुकतंय?

याला अंडरस्टिअर म्हणतात. आपल्या जवळजवळ सगळ्या छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या आहेत, म्हणजे बिचारे पुढचे टायर ओढायचं पण काम करतात, वळवायचं पण करतात आणि ब्रेकचं बहुतेक काम पण तेच करतात. वेगात वळणात घुसलात आणि वरून रेस दिली की पुढच्या टायरची पकड संपते आणि गाडी सरळ निघते. अशा वेळी माणूस घाबरून स्टिअरिंग अजून पिळतो, त्याने उलट जास्त घसरतं. करायचं काय तर रेस हळूच कमी करायची, स्टिअरिंग थोडं मोकळं सोडायचं, वेग उतरला की पकड परत येते आणि गाडी वळते.

पण यात एक गोम आहे. वेगात असताना वळणाच्या मधोमध रेसवरून पाय झटकन काढला किंवा ब्रेक मारला तर वजन एकदम पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि छोट्या व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत कमी अंतर असलेली गाडी मागून फिरू शकते. छोटी गाडी चटकन वळते हा तिचा गुण, आणि चटकन फिरते तो त्याच गुणाचा दुसरा भाग. म्हणून ब्रेक जो काय मारायचा तो वळणाआधी सरळ रस्त्यावर मारून घ्या, वळणात एकसारखी हलकी रेस, बाहेर पडताना वाढवा. लळिंगच्या घाटात, कन्नड घाटात ट्रकवाले मध्येच उभे असतात, त्यामुळे वळणापलीकडे काय आहे ते दिसत नसेल तर तेवढाच वेग ठेवा जेवढ्यात दिसणाऱ्या रस्त्यात थांबता येईल.

१०० वर आणि ८० वर कितीसा फरक पडतो? २० चाच तर फरक आहे.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आलाय आणि याचं उत्तर ऐकून लोक गप्प होतात. थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. चांगले टायर, कोरडा डांबरी रस्ता धरला तर ब्रेक पूर्ण दाबल्यापासून ६० वरून साधारण १८ मीटर, ८० वरून ३१-३२ मीटर, १०० वरून ४९ मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर १०० वरून ७५-८० मीटर पण होतात. यात तुमचा पाय ब्रेकवर पोचायचा वेळ धरलेला नाही, तो एक सेकंद धरला तर १०० च्या वेगात त्या एका सेकंदात २८ मीटर गेलेच.

आता हे बघा. एकाच जागेवर दोन गाड्यांनी एकदम ब्रेक मारला, एक ८० वर होती, एक १०० वर. ८० वाली जिथे पूर्ण थांबली, तिथे १०० वाली अजून ६० च्या वेगाने चाललेली असते. गणित साधं आहे, १०० चा वर्ग वजा ८० चा वर्ग म्हणजे ३६००, त्याचं वर्गमूळ ६०. म्हणजे समोर बैलगाडी असेल तर एक जण तिच्या मागे उभा राहतो आणि दुसरा तिला ६० ने धडकतो. वीसचाच फरक.

एबीएस आहे म्हणजे गाडी लवकर थांबते ना?

पक्क्या रस्त्यावर, ओल्यात बहुतेक वेळा हो, पण एबीएसचं खरं काम चाक लॉक न होऊ देणं हे आहे. लॉक झालेलं चाक वळत नाही, स्टिअरिंग कितीही फिरवा गाडी सरळच घसरते. एबीएस सेकंदाला अनेक वेळा दाब सोडतं-धरतं, त्यामुळे ब्रेक पूर्ण दाबलेला असताना पण गाडी वळवून बाजूला काढता येते. सैल खडीवर, मुरमाच्या कच्च्या रस्त्यावर मात्र एबीएसने अंतर वाढू शकतं, कारण लॉक झालेलं चाक खडी पुढे ढकलून तिचा ढीग करतं आणि त्याने गाडी अडते, एबीएस ते होऊ देत नाही. रस्त्याचं काम चालू असलेल्या डायव्हर्जनवर हे लक्षात ठेवा.

मोटारींसाठी आताच्या इलेक्ट्रॉनिक पद्धतीचं एबीएस १९७८ ला बॉश आणि मर्सिडीजने बाजारात आणलं, आपल्याकडे सगळ्या नवीन कारना ते सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून. म्हणजे २०१६-१७ ची बेस मॉडेल गाडी सेकंडहँड घेत असाल तर एबीएस असेलच असं धरून चालू नका.

आणि एक सवय मोडा. वडील मला शिकवायचे ब्रेक पंप कर, दाब-सोड दाब-सोड. त्यांच्या काळच्या गाड्यांना ते बरोबर होतं. एबीएसच्या गाडीत पंप केलं तर उलट अंतर वाढतं. इमर्जन्सीत एकदाच जोरात दाबायचा आणि दाबूनच ठेवायचा, पायाखाली पेडल थरथरतं, खरखर आवाज येतो, ते घाबरायचं कारण नाही, ते एबीएसच काम करतंय. कितीतरी लोक थरथर लागली की पाय सोडतात. रिकाम्या सरळ रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, ४० च्या वेगात एकदा मारून बघा म्हणजे पायाला ओळख होते.

मागे ड्रम ब्रेक आहेत, फसवणूक झाली का?

नाही. ब्रेक मारला की वजन पुढे येतं, छोट्या गाडीत ब्रेकचं साधारण ७० टक्के काम पुढची चाकं करतात. मागच्या ड्रमवर तेवढा भार येतच नाही. पोलो जीटी टीएसआय सारख्या गाडीला पण मागे ड्रमच होते आणि ती चांगली थांबायची. आय२० एन लाइनला चारही डिस्क आहेत, घाटात सारखं ब्रेकवर चालणाऱ्याला डिस्क लवकर थंड होते हा फायदा आहेच. पण मागे डिस्क लावायला ५० हजार घालण्यापेक्षा पुढे चांगले पॅड आणि चार नवे टायर घ्या, फरक पहिल्या ब्रेकला कळेल.

घाट उतरताना ब्रेक एकदम मऊ झाला, पेडल खाली गेलं. नंतर आपोआप ठीक झालं. काय असेल?

हे माझ्यासोबत झालंय म्हणून सविस्तर सांगतो. तोरणमाळहून उतरत होतो, सातपायरीचा घाट, गाडीत चौघं आणि सामान. मे महिना. मागचे दोन जण गप्पा मारताय, मी तिसऱ्या गिअरमध्ये आणि बाकी सगळं ब्रेकवर. एका वळणाआधी पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं, पुढच्या वळणाला अजून खाली, स्पंज दाबल्यासारखं. तेव्हा वडिलांचं वाक्य आठवलं, "ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरायचा." दुसरा टाकला, मग पहिला, हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी कडेला घेतली. पाऊण तास थांबलो. हात थरथरत होते ते मला अजून आठवतं.

झालं काय होतं, तर ब्रेक ऑइल जुनं होतं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा ग्रेड. नवं डॉट ३ साधारण २०५ डिग्रीला उकळतं, पाणी ओढलेलं १४० ला. डॉट ४ नवं २३० ला, ओलं १५५ ला. घाटात सारखा ब्रेक धरला की कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, तापतो, ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं तरी दबत नाही म्हणून ब्रेक लागतो, वाफ मात्र दबते, म्हणून पेडल खाली जातं आणि ब्रेक लागत नाही. गार झालं की वाफेचं परत पाणी, पेडल परत कडक, आणि माणसाला वाटतं काही झालंच नाही. ज्या वर्कशॉपमध्ये माझी सर्व्हिसिंग व्हायची तिथे बिलावर ब्रेक ऑइल बदलल्याचं लिहिलेलं होतं. उघडून बघितलं तर काळं. तेव्हापासून मी समोर उभं राहून बदलून घेतो.

ऊर्जेचा हिशोब एकदा डोक्यात बसला की माणूस घाट ब्रेकवर उतरणार नाही. १०० मीटर उंची उतरणं म्हणजे गाडी १०० च्या वेगावरून अडीच वेळा पूर्ण थांबवण्याएवढी उष्णता, गाडीचं वजन कितीही असो. ५०० मीटर उतरलात तर साधारण तेरा वेळा, आणि मध्ये थंड व्हायला वेळ नाही. यातला मोठा भाग इंजिनला घेऊ द्या. सुरुवातीलाच, वेग वाढायच्या आधी, खालचा गिअर टाका. ब्रेक सारखा घासत ठेवू नका, थोडा वेळ घट्ट मारा, वेग उतरवा, सोडा, वारं लागू द्या. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड किंवा स्टिअरिंगमागचे गिअर बदलायचे पॅडल वापरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल मारून उतरणारे अजून आहेत, गाडी बंद करणारे पण आहेत. गाडी बंद केली की दोन-तीन दाबांत ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं, पॉवर स्टिअरिंग पण जातं. आणि पेट्रोल तसंही वाचत नाही, आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये रेस सोडून उतरताना इंजिन पेट्रोल घेणं बंदच करतं.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच टाका. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं ऑइल आहे, ते मिसळायचं नाही, पाच नंबर म्हणजे जास्त चांगलं असं समजून टाकणारे मी बघितलेत. डॉट ५.१ वेगळं, ते डॉट ४ च्या जातीचं आहे.

आपल्याकडे ४५ डिग्री असतं, मग उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवायची ना?

नाही, नाही आणि नाही. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात हे प्रत्येक पंक्चरवाला सांगतो, "साहेब दोन-चार पॉइंट कमीच ठेवतो, फुटायचं नाही." हेतू चांगला असतो पण उलटं आहे. टायर फुटतो तो हवा जास्त झाल्याने क्वचित, हवा कमी असल्याने जास्त. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला साइडवॉलमधून वाकतो, त्या वाकण्याने आतून तापतो, रबर आणि तारेचे थर सुटतात आणि १०० च्या वेगात चिंध्या होतात. त्यात रस्ता तापलेला, गाडी भरलेली, मग काय.

दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत जो आकडा छापलाय तो थंड टायरचा आहे. सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना मोजायचा. साधारण दर ५-६ डिग्रीला हवेचा दाब १ पीएसआय (पंक्चरवाल्याचा एक पॉइंट) वाढतो, म्हणजे सकाळी २८ डिग्रीला ३३ भरलं तर दुपारी उभ्या उभ्या ३६ दिसेल आणि हायवेवर चालून अजून वाढेल. कंपनीने हे धरूनच टायर बनवलेला असतो. गरम टायरमधून हवा काढली की रात्री गार झाल्यावर तो कमीच राहणार. भरलेल्या गाडीचा वेगळा आकडा लिहिलेला असतो, पाच जण नाशिकला लग्नाला निघालात तर तो भरा. नायट्रोजनचं विचाराल तर, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे, पैसे देऊन भरायचा तर भरा पण मोजणं सुटत नाही.

टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. आपल्या उन्हात उभी राहणारी गाडी असेल तर रबर लवकर कडक होतं, नक्षी भरपूर दिसते पण पकड गेलेली असते. सहाव्या वर्षानंतर मी ठेवत नाही. नक्षीची कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण पावसाळ्याच्या तोंडावर ३ च्या खाली गेला असेल तर मी बदलतो.

दोनच टायर घ्यायचे पैसे आहेत. पुढे टाकू की मागे?

मागे. सगळे पुढे टाकतात कारण पुढचे लवकर झिजतात, पण ओल्या रस्त्यावर मागचे गुळगुळीत असले की गाडी मागून फिरते, आणि फिरलेली गाडी साध्या ड्रायव्हरला सावरत नाही. पुढून घसरली तर निदान रेस सोडून सरळ होते.

१७ इंची अलॉय आणि लोअरिंग स्प्रिंग टाकले तर हँडलिंग सुधरेल ना?

गुळगुळीत ट्रॅकवर कदाचित. पारोळा-एरंडोलच्या आतल्या रस्त्यांवर अजिबात नाही. मोठं अलॉय म्हणजे टायरची भिंत बारीक, खड्ड्यात रिम वाकतं नाहीतर साइडवॉलला फुगा येतो. वरून चाक जड झालं की सस्पेन्शनला ते खालीवर आवरायला जास्त वेळ लागतो, टायर जमिनीवर टेकलेला राहण्याऐवजी उड्या मारतो, आणि हवेत असलेला टायर ना वळवतो ना थांबवतो. स्प्रिंग कापून गाडी खाली करणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, कापू नका. कापलेली स्प्रिंग जागेवर नीट बसत नाही, शॉकॲब्सॉर्बर त्या हिशोबाचा नसतो, बंपस्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर लागणारं रबर) लगेच लागतो आणि वळणात एखादा खड्डा आला की गाडी एकदम बाजूला उडते. टायर एक साइज रुंद करायचा असेल तर बाहेरचा एकूण व्यास मूळच्याएवढाच राहील असा घ्या, नाहीतर स्पीडोमीटरच चुकतो, आणि लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो), स्पीड रेटिंग (किती वेगापर्यंत चालतो) मूळच्यापेक्षा कमी घेऊ नका. स्पीड रेटिंग एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, टी म्हणजे १९०.

हँडलिंग खरंच सुधारायचं असेल तर आधी अलाइनमेंट करा, सस्पेन्शनचे बुश (सांध्यातले रबर) बघा, शॉकॲब्सॉर्बर गळतोय का बघा. ६० हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत नवे शॉक टाकले की ती नव्यासारखी वळायला लागते, आणि हे कोणाला सांगून पटत नाही कारण ते बाहेरून दिसत नाही.

पहिल्या पावसात काय जपायचं?

काळी माती. ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर येतो, चाकाला लागलेली माती दोनशे मीटर सांडत जातो, त्यावर पाऊस भुरभुरला की रस्ता साबणासारखा. रावेर-यावलकडे केळीचा सीझन असला की पानं, दांडे रस्त्यावर पडलेले असतात, ते पण तसेच. पहिल्या अर्ध्या तासात डांबरावरचं तेल वर येतं. जोराचा पाऊस असेल, चाकोरीत पाणी साचलेलं असेल तर टायर पाण्यावर तरंगतो, स्टिअरिंग एकदम हलकं होतं. तेव्हा ब्रेक नाही, झटका नाही, रेस सोडायची, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं.

ईएसपी बंद केलं तर मजा येते म्हणतात, बंद करू का?

रस्त्यावर कधीच नाही. ईएसपी बघतं की तुम्ही स्टिअरिंग किती वळवलंय आणि गाडी खरोखर किती वळतेय, दोन्हीत फरक दिसला की एखाद्याच चाकाला ब्रेक मारून गाडी जागेवर आणतं. चार चाकांना वेगवेगळा ब्रेक कोणत्याही माणसाच्या पायाने मारता येत नाही. १९९५ ला हे मर्सिडीजच्या महागड्या गाडीत आलं. पण ते सगळ्यांपर्यंत पोचलं ते एका छोट्या गाडीमुळे. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनच्या एका मोटार मासिकाने मर्सिडीजची नवी छोटी ए-क्लास रस्त्यात अचानक मूस (सांबराहून मोठं, तिकडचं हरीण) आल्यावर जशी वळवावी तशी झटकन डावी-उजवी वळवली, आणि ती उलटली. कंपनीने विक्री थांबवली, सस्पेन्शन बदललं आणि प्रत्येक ए-क्लासला ईएसपी देऊन टाकलं. आपल्याकडे मूसऐवजी रानडुक्कर, नीलगाय नाहीतर म्हैस धरा, चाचणी तीच. नवी गाडी घेताना सनरूफ आणि ईएसपी यात निवडायची वेळ आली तर एक मिनिट पण विचार करू नका.

गाडीला क्रॅश टेस्टमध्ये पाच स्टार आहेत म्हणजे काळजी नाही ना?

स्टार चांगलेच, बघूनच घ्या, भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालंय त्यामुळे आता आपल्याच देशातली चाचणी बघता येते. पण ती काय असते ते समजून घ्या. समोरची धडक ६४ च्या वेगाने, गाडीच्या रुंदीचा ४० टक्के भाग दबणाऱ्या अडथळ्यावर. म्हणजे ढोबळमानाने तुमच्याच वजनाच्या दुसऱ्या गाडीशी धडक. १२० ने ट्रेलरच्या मागे घुसलात तर त्या स्टारचा काही संबंध राहत नाही, कारण बॉनेट ट्रेलरच्या खाली जातं, दबायला बनवलेला पुढचा भाग वापरलाच जात नाही आणि काच आणि खांबच सरळ ट्रेलरच्या पाट्याला लागतात. गाडीचा पुढचा भाग चुरगळतो म्हणून लोक "पत्रा पातळ" म्हणतात, तो चुरगळायलाच बनवलाय, चुरगळताना धडकेची ऊर्जा खातो. न चुरगळायला पाहिजे तो तुम्ही बसता तो पिंजरा. पुढे लोखंडी गार्ड लावला की हे सगळं गणित बिघडतं, धक्का सरळ चेसिसला जातो, एअरबॅगच्या सेन्सरला वेळेवर कळत नाही. २०१७ ला केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलंय, तरी लावणारे लावतात.

एअरबॅग सहा आहेत, मग बेल्ट कशाला? मागच्यांना तर नाहीच ना?

एअरबॅग बेल्टसोबतच काम करते. धडकेनंतर ती साधारण ३०-४० मिलिसेकंदात फुगते, म्हणजे पापणी मिटायच्या आत. बेल्ट नसलेला माणूस तोपर्यंत पुढे सरकलेला असतो आणि फुगणारी पिशवी तोंडावर बसते. म्हणूनच स्टिअरिंगपासून छाती निदान २५ सेंटिमीटर लांब पाहिजे, पाठ टेकून बसल्यावर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेला टेकलं की सीट बरोबर.

५० च्या वेगाची धडक म्हणजे जवळपास १० मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडणं. आमच्या मावशी नातवाला मांडीवर घेऊन पुढे बसायच्या, "मी घट्ट धरते ना बापा." त्यांना सांगितलं, मावशी, त्या धडकेत गाडी अर्ध्या मीटरात थांबली तर १० किलोचं लेकरू २०० किलोचं होतं, धरता येईल का? त्या दिवसापासून मागे, लेकराच्या सीटमध्ये. मागचा बेल्ट सुद्धा सक्तीचाच आहे, आणि मागचा माणूस बेल्ट नसेल तर पुढच्याच्या सीटवर आदळून त्याला पण मारतो. बेल्टचा अलार्म बंद करायची क्लिप लावू नका, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ती ऑनलाइन विकण्यावर कारवाई केलीय ती काही उगाच नाही.

अजून दोन गोष्टी. डॅशबोर्डवर डाव्या बाजूला जिथे एअरबॅग लिहिलेलं असतं तिथे देवाची मूर्ती चिकटवू नका, मधे ठेवा. पिशवी फुटली की ती मूर्ती शेजारच्याच्या चेहऱ्यावर जाते. आणि सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर घट्ट शिवलेलं साधं सीट कव्हर घालू नका, एअरबॅगच्या जागी उसवणारं मिळतं ते घ्या.

रात्री शहाद्याकडे उसाच्या ट्रॉल्या, मागे लाइट नाही. काय करायचं?

वेग कमी. दुसरा उपाय नाही. डिपरवर (हेडलाइटच्या खालच्या झोतात) साधारण ४०-५० मीटर नीट दिसतं, त्यात ८० वरून विचार करून थांबायला ५० च्या वर लागतात, म्हणजे दिसली तेव्हा उशीर झालेला असतो. समोर वाहन नसेल तिथे अप्पर लावा. काचेचं आतलं धुरकट आवरण पुसा, हेडलाइट पिवळी पडली असेल तर पॉलिश करा. बाहेरून आणलेले झगझगीत बल्ब टाकू नका, समोरचा आंधळा झाला की तो तुमच्याकडेच येतो. आमचे आप्पा निघताना नेहमी म्हणायचे, "हयूहयू जाय रे भो." तेव्हा कंटाळा यायचा.

जुनी टर्बो गाडी घ्यायचीय. चालवून बघताना काय बघू?

पिकअप सगळ्यात शेवटी बघा. गाडी थंड असताना जा. आधी टायरचे चार आकडे वाचा, चारही टायर एकाच कंपनीचे आहेत का, आतली कड जास्त झिजलीय का. झिजली असेल तर अलाइनमेंट गेलंय किंवा कुठेतरी ठोकलेली आहे. ब्रेक ऑइलच्या डबीत डोकवा, काळं असेल तर मालकाने बाकीचं पण असंच सांभाळलंय. चावी फिरवली की एबीएस, एअरबॅग, ईएसपीचे दिवे लागून विझले पाहिजेत. लागलेच नाहीत तर जास्त संशय घ्या, कोणीतरी बल्ब काढून ठेवलेला असू शकतो, एअरबॅग फुटलेली गाडी असं करून विकतात. प्रत्येक सीटचा बेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा, धडकेत ताण बसलेला बेल्ट अडकतो किंवा परत आत जात नाही, पट्ट्यावर चकाकलेले ओरखडे दिसतात.

मग चालवा. रिकाम्या रस्त्यावर ६० वरून बऱ्यापैकी ब्रेक मारा, हात हलके ठेवून. एका बाजूला ओढते का, स्टिअरिंग थरथरतं का. थरथरलं तर डिस्क वाकडी. स्पीडब्रेकरवरून हळू घ्या, मागून टक आवाज आला तर शॉक किंवा बुश. सपाट रस्त्यावर स्टिअरिंग सरळ धरल्यावर गाडी सरळ जाते ना. एवढं झालं की गाडी बाजूला लावा, दोन-तीन मिनिटं इंजिन चालू राहू द्या, आणि मालकाला विचारा की ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं. महिना आणि वर्ष सांगता आलं तर पुढे भावाचं बोला.